शेजारचा वाडा उतरला आणि त्रिकोण उघडा पडला: जुन्या नाशकातल्या एका सामाईक गेबल भिंतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुन्या नाशकातल्या एका अरुंद गल्लीत दोन वाडे एकमेकांना चिकटून उभे होते, मध्ये एकच सामाईक भिंत. दोन्हींची छपरं दुपाखी होती. एक पाखं रस्त्याकडे, दुसरं चौकाकडे, आणि आढं रस्त्याला समांतर. अशा रचनेत दोन वाड्यांमधली भिंत वळचणीच्या पातळीला थांबत नाही. पाख्यांच्या उताराबरोबर ती आढ्यापर्यंत चढते आणि वर एक त्रिकोण तयार होतो. वास्तुकलेच्या पुस्तकात याला गेबल म्हणतात. जुन्या पेठांतल्या गेबलांची गंमत अशी की ते कुणाला दिसतच नाहीत. दोन माळ्यांच्या मध्ये ते दडलेले असतात, त्यामुळे बांधतानाही त्यांच्यावर कुणी फार खर्च केलेला नसतो.

इथला पुढचा सोपा ५.५ मीटर रुंद. वळचण जमिनीपासून ६.२ मीटरवर, तिथून आढं १.६ मीटर उंच, म्हणजे पाख्याचा उतार जवळपास ३० अंशांचा. सामाईक भिंत वळचणीपर्यंत ४५० मिमी जाड आणि वरचा त्रिकोण ३५० मिमी. त्रिकोणात चपट्या जुन्या विटा मातीच्या गाऱ्यात रचलेल्या. शेजारचं आढं ४०० मिमी खाली होतं, म्हणून त्याच्या छपरावर डोकावणाऱ्या हातभर पट्ट्यालाच चुन्याचा गिलावा होता. खालचा सगळा भाग बोडका, कारण त्या बाजूला शेजाऱ्याचा कोरडा माळा होता.

फेब्रुवारीत शेजारचा वाडा नवीन बांधकामासाठी उतरवला गेला. प्लॉट मोकळा झाला आणि हा त्रिकोण पहिल्यांदाच ऊन-वाऱ्यात आला, तोही नैर्ऋत्येकडे तोंड करून. आपल्याकडे पावसाळ्यातली झड नेमकी त्याच बाजूने येते.

अडचण काय होती

मार्चअखेरीस माळ्यावर तीन गोष्टी आढळल्या. आढ्याच्या टोकाशी भिंत आणि कौलांमध्ये बोट जाईल एवढी फट होती. वळचणीच्या पातळीला जवळपास पूर्ण लांबीची आडवी भेग होती. आणि त्रिकोणाच्या बाहेरच्या तोंडावर पाच मोठी भोकं होती.

ही भोकं म्हणजे शेजाऱ्याचं आढं आणि चार नाटा, म्हणजे छपराची आडवी लाकडं, जिथे भिंतीत बसल्या होत्या त्या खोबणी, प्रत्येक १८० ते २०० मिमी खोल. सागाला भाव चांगला मिळतो, म्हणून वाडा उतरवणाऱ्या ठेकेदाराने नाटा न कापता साखळी-पुलीने अख्ख्या ओढून काढल्या होत्या. प्रत्येक ओढीला त्रिकोणाला बाहेरच्या दिशेने हिसका बसला. नाटा भिंतीच्या तोंडाशी करवतीने कापल्या असत्या, तर प्रत्येकीमागे वीतभर लाकूड वाया गेलं असतं, एवढंच.

आढ्यापासून ओळंबा सोडला तेव्हा शिखर वळचणीच्या मानाने ४५ मिमी बाहेर आलेलं दिसलं. ३५० मिमीच्या भिंतीला ४५ मिमी म्हणजे फार नाही, असा सूर त्यावर निघाला, म्हणून हिशेब मांडणं भाग होतं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ४.४ चौरस मीटर, वजन साधारण पावणेतीन टन. आयएस ८७५ या भारतीय मानक संहितेच्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. दाट वस्ती आणि कमी उंची यांची सूट देऊनही दर चौरस मीटरला सुमारे ७५ किलोचा दाब निघतो, म्हणजे पूर्ण त्रिकोणावर सव्वातीनशे किलोंच्या वर. वजनाची रेषा या वाऱ्याने त्रिकोणाच्या तळाशी ६५ मिमी सरकते आणि भिंतीच्या कलाने आणखी १५ मिमी. ३५० मिमी जाडीत ती मध्यापासून ५८ मिमीच्या आत राहिली, तरच भिंत सगळीकडे दाबाखाली राहते. इथे ती ८० मिमीवर जात होती. त्यापलीकडे एका बाजूला ताण येतो आणि मातीच्या गाऱ्याला ताण घेता येत नाही. वळचणीची आडवी भेग तिथूनच आली होती.

भिंत लगेच पडणार नव्हती. त्यासाठी रेषा १७५ मिमीपर्यंत जावी लागते. पण हा हिशेब कोरड्या, पूर्ण जाडीच्या भिंतीचा. खोबणीतून पाणी शिरून बाहेरची १०० मिमी माती धुपली, तर वजन घटतं, आधाराची कड आत सरकते आणि तेच आकडे अगदी काठावर येतात.

मूळ प्रश्न वेगळाच होता: इतकी वर्षं या त्रिकोणाला धरलं कोणी होतं? या वाड्याच्या नाटा भिंतीत नुसत्या १५० मिमी टेकलेल्या होत्या. ना पट्टी, ना खिळा. त्या भिंतीला वजन देतात, पण बाहेर जायला निघाली तर अडवत नाहीत. बाहेर जाण्यापासून तिला अडवत होतं शेजाऱ्याचं छप्पर. ते गेलं आणि त्रिकोण पत्त्याच्या पानासारखा उभा राहिला. भेग दिसली की सगळे भिंतीकडे बघतात. अशा वेळी आधी तिच्या डोक्याकडे बघावं.

कुठला गेबल इथे बसतो

दुरुस्तीचे पर्याय तोलताना गेबलचे प्रकारही ओघाने आले, कारण त्रिकोण पुन्हा उभा करायचा तर कुठल्या रूपात, हे ठरवावं लागणार होतं.

पावसाच्या दृष्टीने सगळ्यात चांगला तो बाहेर निघणाऱ्या कौलांचा गेबल. देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांवर तो दिसतो: छप्पर भिंतीच्या पुढे हातभर येतं, कडेला लाकडी झालर, आणि भिंतीच्या वरच्या भागाला झड लागत नाही. इथे तो शक्यच नव्हता, कारण पुढे आलेलं छप्पर शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं असतं.

दुसरा प्रकार कठड्याचा गेबल: भिंत छपराच्या वर वीत-दोन वीत चढवायची आणि माथ्यावर दगडी फरशी बसवायची. युरोपातल्या चिकटून बांधलेल्या घरांना तो सोयीचा पडला, आग शेजारच्या छपरावर सहज उडत नाही म्हणून. नेदरलंड्स, बेल्जियम, स्कॉटलंडमधले पायऱ्यांचे गेबल आणि डच घरांचे वळणदार गेबल हे याच कुळातले. पायऱ्यांच्या गेबलात गवंड्याला वीट तिरकी तोडावी लागत नाही, प्रत्येक थर चौकोनी संपतो. पण प्रत्येक पायरी म्हणजे पाणी साचायला एक फळी. कठड्याच्या गेबलाचं खरं दुखणं असतं कौल आणि भिंत यांच्या सांध्यात. तिथे सिमेंटचा गोळा भरला की दोन उन्हाळ्यांत तो भिंतीपासून सुटतो आणि ओल थेट नाटांच्या टोकांत जाते. फार्महाऊसवर हौसेने असे गेबल काढणाऱ्यांनी ही फट आधी बघावी, नक्षी मग.

तिसरा पर्याय गेबलच काढून टाकण्याचा: छप्पर चौपाखी करायचं, किंवा शिखराचा वरचा तुकडा छाटून तिथे एक लहान पाखं उतरवायचं. वाऱ्याला हे आकार चांगले. पण नव्या पाख्याच्या पागोळ्या शेजारी पडल्या असत्या, किंवा ४५० मिमीच्या भिंतीवर पन्हळ बसवावी लागली असती. पन्हळ पानांनी तुंबली की मातीच्या भिंतीच्या माथ्यावरच पाणी. शिवाय कोपऱ्यातले तिरके वासे खालच्या भिंतींना बाहेर ढकलतात. जुन्या भिंतींना हा नवा रेटा नको होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला आणि सगळ्यात स्वस्त पर्याय गवंड्यानेच सुचवला: खोबणी विटांनी बुजवा, कोंबडी जाळी ठोका, सिमेंटचा गिलावा मारा. नाशकात अशा उघड्या पडलेल्या बहुतेक भिंतींचं हेच होतं. पहिल्या वर्षी त्या छान दिसतात. पण सिमेंटचा थर कडक आणि आतली माती मऊ. ओल आत अडकते, गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि जाताना विटांची तोंडंही घेऊन जातो. मुख्य म्हणजे याने त्रिकोणाला कोणीच धरत नाही, उलट २०-२५ मिमीच्या थराने दीडशे-दोनशे किलो वजन वाढतं. हा पर्याय बाजूला पडला.

दुसरा पर्याय पत्र्याचं आच्छादन. पावसापुरतं ठीक, पण पत्र्याचा सांगाडा अडकवायचा कशाला? डुगडुगत्या त्रिकोणालाच तो ठोकला, तर वाऱ्याचा हिसका त्यालाच बसणार.

तिसरा पर्याय विटांचा त्रिकोण उतरवून नव्याने बांधायचा आणि त्याच्या कडांना उताराबरोबर काँक्रीटचा पट्टा द्यायचा. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस ४३२६ मध्ये यालाच गेबल बँड म्हटलं आहे. तो नाटांच्या खाली बसतो आणि वळचणीच्या पट्ट्याशी सलग जोडावा लागतो. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे, त्यामुळे हा काही ऐच्छिक साज नव्हे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने पर्याय योग्यच होता. हरकत एकच: खालची सहा मीटर मातीची भिंत आता एका बाजूने उघडी होती आणि तिच्या डोक्यावर पुन्हा पावणेतीन टन ठेवायचे होते.

चौथा पर्याय हलक्या गेबलचा: वीट वळचणीलाच थांबवायची, तिथे काँक्रीटचा आडवा पट्टा आणि वर लाकडी चौकट, फळ्या आणि पत्रा. शेवटी हाच निवडला गेला.

निर्णयाच्या जागा

पट्टा पूर्ण जाडीवर टाकायचा की अर्ध्या, हा पहिला वाद. भिंत सामाईक, म्हणजे मधली रेषा हीच हद्द. आपल्या अर्ध्यावरच पट्टा टाकला, तर मातीच्या भिंतीवर एकाच कडेला वजन येऊन ती वेगळ्याच प्रकारे कलली असती. म्हणून त्रिकोणाच्या पूर्ण ३५० मिमी रुंदीचा पट्टा आणि त्यावरची चौकट मात्र आतल्या अर्ध्यात, असं ठरलं. शेजारच्या मालकाची लेखी संमती घेतली: बाहेरच्या अर्ध्या माथ्यावरचा पत्रा त्याचं बांधकाम होईपर्यंत राहील, आणि नवीन इमारत भिंतीला टेकवायची नाही. कागद व्हायला सोळा दिवस गेले. तेवढ्यात मे उजाडला आणि महापालिकेची कलम २६४ खालची धोकादायक बांधकामाची नोटीस दारावर लागली. पावसाळ्याआधी जुन्या वाड्यांना अशा नोटिसा लागतातच. इथे तिचा एक फायदा झाला, भाडेकरूंनी पुढची खोली निमूट रिकामी केली.

दुसरी जागा खिडकीची. गेबलचा मोठा गुण हा की माळ्याला शिखराजवळ वारा देता येतो. पण शेजाऱ्याच्या हद्दीकडे झडपांची खिडकी ठेवली, तर उद्या तो ती बुजवणार आणि उजेडावरून तंटा उभा राहणार. खिडकी सोडली. तिच्याऐवजी चौकाच्या पाख्यात चार काचेची कौलं आणि दोन वाऱ्याची कौलं बसवली.

तिसरी जागा खालच्या उघड्या भिंतीची. तिला चुन्याचा गिलावा द्यायचा हे नक्की, पण कधी? चुना हळूहळू, हवेतून घट्ट होतो. मेअखेरीस लावलेला गिलावा जूनच्या झडीत धुऊन गेला असता. त्यामुळे पावसाळ्यापुरती ताडपत्री आणि गिलावा ऑक्टोबरात, असं ठरलं.

प्रत्यक्ष काम

आधी माळा रिकामा केला आणि भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारखा लिहिल्या. भिंत हलली की काच तडकते.

मग टेकू. भिंतीपासून ९०० मिमी आत, आढं आणि चार नाटा यांच्याखाली लोखंडी जॅक. ते माळ्याच्या पाटणीवर टेकवून भागत नाही, नाहीतर भार माळ्याच्या तुळयांवर येतो. प्रत्येक जॅकच्या बरोबर खाली पहिल्या मजल्यावर एक, त्याखाली तळमजल्यावर एक, आणि प्रत्येकाखाली ७५ मिमीची जाड फळी. पाच रांगा, तीन मजले, एकूण पंधरा जॅक.

कौलांची १.२ मीटर रुंद पट्टी दोन्ही पाख्यांवरून उतरवली, साधारण ११५ कौलं. त्रिकोण शिखरापासून उतरवला, आतून, एका वेळी दोन थर, दोन्ही उतारांवर सारखे. ब्रेकर नाही, घणही नाही. मातीचा गारा कोयत्याने सुटतो. विटा माळ्यावर न साठवता घसरंडीने लगेच खाली सोडल्या. दीड घनमीटर विटा पाटणीवर जमल्या असत्या, तर तोही भार पावणेतीन टनांचाच.

आपल्या बाजूच्या एका नाटेचं टोक भिंतीतून निघालं ते भुश्शासारखं. बाहेरून धड दिसत होतं, पण बोटाने दाबलं तर २०० मिमीपर्यंत आत गेलं. वाळवी नव्हती, वर्षानुवर्षांची ओल होती, वरच्या गिलाव्यातून उतरलेली. तेवढा भाग कापून दोन्ही बाजूंनी सागाच्या पट्ट्या १२ मिमीच्या बोल्टांनी जोडल्या.

वळचणीशी वरचे दोन सैल थर काढून १:१:६ च्या सिमेंट-चुना-वाळूच्या गाऱ्यात पुन्हा बसवले. त्यावर ३५० बाय १५० मिमीचा पट्टा, १० मिमीच्या चार सळ्या, ६ मिमीच्या कड्या १५० मिमीवर, काँक्रीट एम २०. एवढ्या रुंदीला संहितेप्रमाणे दोन सळ्यांचा पातळ पट्टाही चालला असता, पण यावर खांब उभे राहणार होते. दोन्ही टोकांना पट्टा रस्त्याकडच्या आणि चौकाकडच्या भिंतींवर मीटरभर वळवला. हे वळण टाळलं, तर पट्टा म्हणजे भिंतीवर ठेवलेली नुसती काठी.

खांब पाच, १०० बाय १०० मिमी सागाचे, आढ्याखाली आणि प्रत्येक नाटेखाली एक. तळाची पाटी काँक्रीटमध्ये आधीच रोवलेल्या १२ मिमीच्या बोल्टांना आवळली. वर प्रत्येक नाट ४० बाय ५ मिमीच्या लोखंडी पट्टीने खांबाला बांधली, कारण हलक्या गेबलात वारा छप्पर वर उचलतो. शिखरापासून मागच्या खांबांच्या रांगेपर्यंत दोन तिरके आडणे दिले. शेजाऱ्याचं छप्पर जे करत होतं, ते आता हे दोन आडणे करतात.

बाहेरून १८ मिमीच्या फळ्या आणि त्यावर रंगीत पत्रा, सांधे वाऱ्याच्या उलट दिशेला झाकलेले. कडेच्या कौलांवर १५० मिमी चढणारी आणि खाली १०० मिमी उतरणारी दुमडलेली पत्र्याची पट्टी, शेवटी ठिबक्यासाठी बाहेर वळवलेली. पट्ट्याच्या उरलेल्या माथ्यावर बाहेर उतार देऊन तसाच पत्रा.

कुठे चुकलं

पट्ट्याला पाणी मारताना पहिली चूक झाली. सवयीने माथ्यावर वाळूची कड करून पाणी साठवलं. दुसऱ्या सकाळी पट्ट्याखाली चार थरांवर, आतल्या बाजूने, गढूळ तांबूस पाणी ओघळलेलं दिसलं: भिंतीतला गारा वाहत होता. पाणी लगेच काढलं, ओली गोणपाटं टाकून वर प्लास्टिक गुंडाळलं आणि पुढचे दिवस गोणपाट फक्त दमट ठेवलं.

दुसरी फजिती वळवाची. कौलं उतरलेली, त्रिकोण नाही, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री वादळी सर आली. ताडपत्री परांचीच्या बांबूंना बांधली होती. ती शिडासारखी फुगली, परांची हलली आणि शेजारच्या दोन ओळींतली कौलं उचलली गेली. ताडपत्री छपरावरच वाळूच्या पोत्यांनी दाबायला हवी होती. परांची ही माणसांसाठी असते.

तिसरी गोष्ट किरकोळ, पण दोन दिवस खाऊन गेली. फुटलेल्या ३० कौलांच्या जागी आणलेली नवी मंगलोरी कौलं जुन्यांपेक्षा किंचित लांब निघाली आणि जुन्या रिपांवर त्यांच्या खाचा बसेनात. मंगलोरी कौलं १८६५ पासून बनत आहेत, पण कारखान्यागणिक माप बदलतं. शेवटी रस्त्याकडच्या पाख्यावरची जुनी कौलं एका पट्टीत गोळा केली आणि नवी सगळी चौकाकडे, नव्या अंतराच्या रिपांवर लावली.

निष्पत्ती

पावणेतीन टनांच्या जागी आता एक टनाच्या आत वजन आहे आणि त्यातलं सव्वासातशे किलो पट्ट्याचं, म्हणजे वळचणीच्या पातळीलाच. पहिल्या पावसाळ्यात गेबल कोरडा राहिला. पट्ट्याखाली लावलेल्या नव्या काचांपैकी एकही तडकली नाही. मुसळधार सरीत माळ्यावर पत्र्याचा आवाज होतो; फळ्या आणि पत्रा यांच्यामध्ये जाड नमदा घातला असता, तर तो निम्म्यावर आला असता.

ओल आली ती भिंतीच्या तळाशी. शेजारचा प्लॉट राडारोडा उचलल्यावर मीटरभर खोल राहिला होता, पाणी तिथे साचून पायथ्याला लागत होतं. भिंतीलगत ६०० मिमी रुंद मुरमाची पट्टी बाहेर उतार देऊन ऑगस्टात घालावी लागली. ती जूनच्या आधी घालायची गोष्ट होती.

पुन्हा असंच प्रकरण आलं तर

सगळ्यात मोठा फरक शेजारचा वाडा उतरण्याआधीच पडला असता. पहिली कौलं निघण्यापूर्वी दोन्ही मालकांनी मिळून सामाईक भिंतीचे फोटो, ओळंब्याची मापं आणि काचेच्या पट्ट्या, एवढं एका दिवसात होतं. आपल्या माळ्यावर टेकू आणि तिरके आडणे आधी, शेजाऱ्याच्या नाटा नंतर, आणि त्याही भिंतीच्या तोंडाशी कापून. उरलेली टोकं खोबणीत तशीच ठेवायची. ती भोक बुजवतात आणि काढायची तर सावकाश काढता येतात.

संमतीच्या कागदासाठी गेलेले सोळा दिवस मार्चात गेले असते, तर त्रिकोण वळवाच्या आधी झाकला गेला असता. संमती रखडली तरी टेकू लावायला, काचा चिकटवायला आणि आतून आडणे द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. ते मार्चातच सुरू व्हायला हवं होतं.

सध्या शेजारी नव्या इमारतीच्या पायाची खोदाई ठरते आहे. सामाईक भिंतीचा पाया जेमतेम मीटरभर खोल असल्याने तिथली खोदाई दीड-दीड मीटरच्या तुकड्यांत आणि एकाआड एक करायची, असं दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरांनी लिहून घेतलं आहे. काचा पुन्हा लावल्या आहेत, या वेळी तळमजल्यापासून.